मिशा मोजाव्यात की तोंड बघावं?

संध्याकाळी टाकीत वीस निऑन टेट्रा होते, सकाळी सतरा उरलेत, आणि मेलेला एकही सापडत नाही. पाणी स्वच्छ आहे, फिल्टर चालू आहे. गेल्या आठवड्यात आणलेला मिशाळ मासा लाकडाखाली पडून आहे आणि त्याचं पोट जरा टंच दिसतंय. असं झालं की लोक विचारतात, हा कॅटफिश लहान माशांबरोबर चालतो का? खरं तर हा प्रश्न पिशवीला रबर लावायच्या आधी विचारायचा असतो. त्याचं उत्तर कसं काढायचं, यावर या छंदातल्या जाणत्या माणसांत दोन तट आहेत. एक म्हणतो, माशाचं शरीर वाचा, नावामागे धावू नका. दुसरा म्हणतो, आधी जात नक्की करा, बाकीचं मग.

दोन्ही बाजूंत मला वजन दिसतं, म्हणून त्या एका मामा-भाचीच्या तोंडी घालतो आहे. मामा ठाणे-डोंबिवलीकडे लोकांच्या टाक्या सांभाळतो. भाची रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली आहे. दोघांसमोर पिशवीत बोटभर लांबीचा चंदेरी मासा आहे, अंगावर काळे ठिपके. दुकानदाराने ‘स्पॉटेड कॅट’ म्हणून दिलेला. तो जायचा आहे तीन फुटी टाकीत, जिथे निऑन, गप्पी आणि सहा कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे कॅटफिश, राहतात.

मामा : हा त्या टाकीत नको. एवढं सांगायला मला त्याचं नाव लागत नाही. वरून बघ, डोकं केवढं रुंद आहे. आता बाजूने बघ. तोंड थेट समोर उघडतं. कोरीचं तोंड खाली असतं आणि बारीक असतं, रेतीत खुपसून किडे शोधायला. त्यात निऑन जायचा म्हटलं तरी जात नाही. याच्या तोंडात जातो, आज नाही तर दोन महिन्यांनी.

भाची : दोन महिन्यांनी जातो हे तुला कशावरून कळलं?

मामा : हे वाढीचं पिल्लू आहे. अंगाच्या मानाने डोळे मोठे, मिशा लांब.

भाची : वाढीचं आहे खरं, पण किती वाढणार? तिथेच सगळं अडतं. रेड टेल कॅटफिश घे. दुकानात सहा-सात सेंटिमीटरचा असतो, काळी पाठ, पांढरा पट्टा, शेपटीला नुसती केशरी झाक. लोकांना तो खेळण्यासारखा गोड वाटतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हाच मासा मीटरभराच्या पुढे जातो. टायगर शॉव्हेलनोजचं तेच. त्या पिल्लाचं तोंड मोजून तू म्हणशील की एंजल चालेल, कारण एंजल उभट आहे, तोंडात बसत नाही. वर्षभराने तो एंजलही जाईल आणि त्यानंतर टाकीच पुरणार नाही. आजचं तोंड आजपुरतं खरं असतं मामा. उद्याचं तोंड मला नाव सांगतं.

मामा : रेड टेल मी पिल्लूपणीही ओळखतो. त्याचा जबडाच सांगतो.

भाची : तू ओळखतोस. ज्याने पहिल्यांदा टाकी घेतली त्याने काय करायचं?

मामा : त्याने नाव विचारलं तर दुकानदार काय सांगणार? ‘शार्क’. काळपट चंदेरी पोरं असतात ना, घोळक्याने काचेवर धडकत फिरणारी, ती शार्क. लाल शेपटीचा काळा मासा, तोही शार्क. बाला, तोही शार्क.

भाची : त्यातला पहिला तेवढा कॅटफिश. तो पंगास. मेकाँग नदीचा, आणि आपल्याकडे आंध्रात तळ्यांतून खाण्यासाठी वाढवतात तोच. मीटरभर वाढतो. बाकी दोघे रोहू-कटल्याच्या गोतातले, त्यांचा कॅटफिशशी काही संबंध नाही. म्हणून तर म्हणते, दुकानाचं नाव नको, शास्त्रीय नाव हवं.

मामा : ते तरी कुठे टिकतं? कोरीला सगळं जग कोरिडोरास म्हणत आलं. २०२४ मध्ये तुमच्या लोकांनी ते कुळ फोडून त्याचे तुकडे केले. आपली ब्राँझ कोरी आता ऑस्टिओगास्टर आणि पेपर कोरी हॉप्लिसोमा. आणि ग्लास कॅट? आरपार दिसणारा तो मासा वर्षानुवर्षं दुसऱ्याच जातीच्या नावावर विकला गेला. त्याला स्वतःचं नाव मिळालं २०१३ मध्ये. तोवर लोकांनी तो सांभाळलाच ना? घोळक्याने ठेवला, शांत पाण्यात ठेवला, निऑनबरोबर ठेवला. नाव चुकलेलं होतं, मासा ठणठणीत होता.

हा मामाचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस हे नाव मिळण्याआधीही थायलंडचा तो काचेसारखा मासा हजारो घरांत सुखाने जगला. त्याला सांभाळणाऱ्यांनी नाव वाचलं नव्हतं, मासा पाहिला होता.

भाची : नाव चुकलं होतं, पण सगळे एकाच माशाला तेच चुकीचं नाव देत होते. त्यामुळे त्या नावाखाली जमा झालेला अनुभव खराच होता. नाव हे खातं आहे मामा, माणसांनी त्यात काय काय जमा केलं ते बघायचं. कोरीचं नाव बदललं म्हणून तिचं सहा-सात सेंटिमीटरचं अंग बदललं नाही. जुनं नाव शोधलं की नवं सापडतं. घात होतो तो दुकानदाराच्या ‘स्पॉटेड कॅट’मुळे, कारण त्या नावावर चार वेगळे मासे विकले जातात आणि चौघांचे अनुभव एकात मिसळतात. म्हणूनच एका जर्मन मासिकाने १९८८ मध्ये सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणाऱ्या कॅटफिशच्या जातींना एल-नंबर द्यायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी नाव ठेवायची वाट न बघता माशावर एक पक्की खूण. निदान सगळे एकाच माशाबद्दल बोलतील.

मामा : बरं. मग हा कोण? सांग.

आता भाची पिशवी उजेडासमोर धरते. हा भाग मी सावकाश देतो आहे, कारण कॅटफिश ओळखताना बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ठिपके वयाबरोबर बदलतात, घाबरला की मासा फिका पडतो, दुकानातल्या निळ्या दिव्याखाली सगळेच चंदेरी दिसतात. रंग शेवटी बघावा.

भाची : आधी अंग. याला खवले नाहीत, हे सगळ्याच कॅटफिशचं. पण कातडी उघडी आहे की वर हाडांच्या पट्ट्या आहेत? कोरीला दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. सकरला अंगभर चिलखत. याची कातडी गुळगुळीत आहे, म्हणजे कोरी आणि सकरचं अख्खं गोत बाद. आता मिशा. वरच्या जबड्याची एक जोडी, जवळजवळ शेपटीपर्यंत जाते. खालच्या जबड्याला दोन जोड्या. एकूण तीन. आता नाकपुडीपाशी नीट बघ, तिथे बारीक मिशी आहे का?

मामा : नाही दिसत.

भाची : तिथे मिशी असती तर जोड्या चार झाल्या असत्या आणि मी म्हटलं असतं, हा आपल्या शिंगट्यांपैकी, मिस्टस वगैरे, आशियातला. मिस्टसची पिल्लंही चंदेरी असतात आणि दुकानात याच्या शेजारच्या टाकीत असतात. तीन जोड्या, नाकपुडी मोकळी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पिमेलोडिड गोताकडे जायचं. आता आणखी एक शक्यता खोडायची. आफ्रिकेतल्या सिनोडोंटिसलाही तीनच जोड्या असतात, ठिपकेही असतात. पण त्याच्या खालच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असतात, पिसासारख्या. याच्या सरळ आहेत, दोऱ्यासारख्या. आता रंग बघायला हरकत नाही. चंदेरी अंग, गोल काळे ठिपके, परांवरही ठिपके, पोट पांढरं. हा पिक्टस. पिमेलोडस पिक्टस, ॲमेझॉन आणि ओरिनोकोचा. अकरा-बारा सेंटिमीटरला थांबतो.

मामा : आणि निऑन खातो.

भाची : आणि निऑन खातो.

मामा : हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

भाची : ‘नको’ एवढंच सांगितलं होतंस. हा बारा सेंटिमीटरला थांबतो हे कुठे सांगितलंस? त्याने पुढचं सगळं बदलतं. हा रेड टेलचं पिल्लू असता तर मी म्हटलं असतं, परत देऊन ये, कुठल्याच घरात याची सोय नाही. पिक्टस आहे म्हणून म्हणते, निऑनबरोबर नको, पण ठेवता येईल.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. माझ्या मते या दोन वाटांच्या मध्ये एक पायरी आहे आणि सामान्य छंदिष्टाने आधी तिच्यावर उभं राहावं. ती पायरी गोताची. जात ओळखायला पुस्तकं लागतात, फोटो लागतात, कधी जाणकारही चुकतो. गोत ओळखायला चिलखत आहे की नाही, मिशांच्या जोड्या किती, तोंड खाली की समोर, एवढं पुरतं, आणि धोक्याचा मोठा भाग तेवढ्यावर कळतो. चिलखत आणि खाली वळलेलं बारीक तोंड दिसलं की लहान माशांच्या जिवाला सहसा भीती नाही. उघडी कातडी, समोरचं रुंद तोंड आणि लांब मिशा दिसल्या की जात कळेपर्यंत हात आखडता घ्यावा. भाचीला मात्र हे पुरेसं वाटत नाही.

भाची : गोतावर थांबलं तर सिनोडोंटिस फसवतो. उलटा पोहणारा अपसाइड-डाउन कॅट, काँगोच्या खोऱ्यातला, दहा सेंटिमीटरच्या आतबाहेरचा, स्वभावाने गरीब. त्याच्याच नावावर दुकानात दुसऱ्या सिनोडोंटिसची पिल्लं विकतात, फेदरफिन. तो तीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि मोठेपणी लाकडाखालची जागा कुणाला देत नाही. गोत एक, कुळ एक, पिल्लं दिसायला सारखी. खऱ्या उलट्याची खूण पोटावर असते. त्याचं पोट पाठीपेक्षा गडद, कारण तो पोट वर करून पोहतो आणि वरून बघणाऱ्याला पोटच दिसतं. फेदरफिनचं पोट फिकट.

मामा : म्हणजे शेवटी अंगच बघितलंस.

भाची : नावाकडे जायला अंगच बघावं लागतं. मी कधी नाही म्हटलं? नाव न काढता अंगावर थांबणं मला पटत नाही.

मामा : आणि मला नावावर थांबणं पटत नाही. गल्पर माहीत आहे ना, रिओ नेग्रोचा? पुस्तकात लांबी पंचवीस सेंटिमीटर. नाव काढलंस, लांबी वाचलीस, म्हणालीस की वीस सेंटिमीटरच्या माशाबरोबर ठेवू. तो स्वतःच्या लांबीचा मासा गिळतो. पोट फुग्यासारखं ताणतं. आपल्याकडे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला चाका चाका घे, वीस सेंटिमीटरचा, चपटा, तळाशी कुजलेल्या पानासारखा पडून राहतो. अर्धं अंग तोंडच. लांबीच्या आकड्याने यातलं काही कळत नाही.

भाची : नावाखाली नुसती लांबी नसते, तेही लिहिलेलं असतं.

मामा : लोक लांबीच वाचतात.

यावर भाचीकडे उत्तर नाही, आणि मला वाटतं मामाचं निरीक्षण खरं आहे. ‘कमाल लांबी’ हा आकडा छंदात फार सोयीचा झाला आहे. तोंडाची रुंदी आणि सोबत्याच्या अंगाची उंची यांची तुलना मात्र फार कमी जण करतात. निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असला तरी त्याच्या अंगाची उंची सेंटिमीटरही नसते, आणि गिळणाऱ्याच्या दृष्टीने तीच उंची महत्त्वाची. बहुतेक कॅटफिश तुकडे तोडत नाहीत. ते तोंड फाकून पाणी आत ओढतात आणि पाण्याबरोबर मासा सबंध आत जातो.

मामा : आता मी दुसरं सांगतो. पिक्टस आणि निऑन सात-आठ महिने एकत्र राहिलेले मी बघितलेत. लहानपणापासून एकत्र, रोज पोटभर खाणं. मालक म्हणायचे, यांची मैत्री आहे.

भाची : आणि मग?

मामा : मग एका आठवड्यात निम्मे गेले.

भाची : कारण त्या आठवड्यात तोंड मोठं झालं. मैत्री नव्हती, माप बसत नव्हतं. आणि पोटभर खाण्याचा फारसा उपयोग नाही. दिवे गेल्यावर निऑन पाण्यात स्थिर होतात, रंग फिका पडतो, हालचाल थांबते. कॅटफिशचा दिवस तेव्हा सुरू होतो. त्याला बघायची गरज नसते. मिशांवर आणि अंगभर चवीच्या कलिका असतात, तो अंधारात पाणी चाखत फिरतो. निजलेल्या माशाला मिशी लागली की पुढचं आपोआप होतं. भूक असो वा नसो.

मामा : म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, दिवे बंद केल्यावर तासाभराने लाल उजेडात टाकी बघा. दिवसा कॅटफिशचा स्वभाव कळत नाही. दिवसा सगळेच साधू.

भाची : हे मला मान्य. आणि बुडणाऱ्या गोळ्या दिवे घालवतानाच टाकायच्या, म्हणजे निदान कोरी उपाशी राहत नाहीत.

मामा : आणखी एक गोष्ट तुम्ही पुस्तकवाले विसरता. एकत्र चालणं म्हणजे नुसतं कोण कोणाला खातो एवढंच नाही. सकर कुणाला खात नाही. पण लोक टाकी साफ ठेवायला म्हणून आणतात आणि रात्री तो गोल्डफिशच्या, डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी माशाच्या बाजूला पांढरे डाग. मालक बुरशीचं औषध टाकत बसतो.

भाची : बरोबर. आणि उलटंही होतं. लोक ऑस्करच्या टाकीत कोरी टाकतात. कोरी ऑस्करच्या तोंडात जाते, पण तिच्या पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांचे काटे ताठ होऊन अडकून बसतात. ती घशात रुतते आणि दोघेही मरतात. लहान सोबती वाचला की नाही एवढंच बघून भागत नाही.

मामा : काट्यांवरून आठवलं, हा पिक्टस जाळीने काढू नकोस. काट्याला करवतीसारखे दात असतात, जाळीत अडकला की कापूनच सोडवावा लागतो. डब्याने काढ.

सकरबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण हा वाद काचेच्या आत संपत नाही. आपल्या दुकानांत मिळणारा साधा सकर टेरिगोप्लिक्थिस कुळातला असतो. पाठीचा पर शिडासारखा मोठा आणि त्यात दहा किंवा अधिक किरणे. चाळीस सेंटिमीटरच्या पुढे सहज जातो. ब्रिसलनोजच्या परात किरणे सात-आठ आणि तो बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. दुकानात दोघे बोटाएवढेच असतात, पण किरणे मोजता येतात. ती न मोजता आणलेला सकर तीन वर्षांनी टाकीत मावत नाही आणि कुणीतरी त्याला ‘मोकळं’ करतं. कोलकात्याच्या पूर्वेकडची पाणथळ, केरळातल्या नद्या, आंध्रातली कृष्णा, इथे हा दक्षिण अमेरिकेचा मासा आज मच्छीमारांच्या जाळ्यात भरून येतो. चिलखतामुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. काचेतल्या चुकीची किंमत तिथे ते मच्छीमार मोजतात. मला या छंदाबद्दल प्रेम आहे, म्हणून हे अधिक लागतं.

मामा : परदेशी माशांचंच कशाला? तो पिवळा, खांद्यावर काळा डाग असलेला, सन कॅट म्हणून येतो. तो केरळचाच ना?

भाची : होराबॅग्रस. केरळच्या नद्यांतला. जगभराच्या यादीत धोक्यात आलेल्यांमध्ये त्याची नोंद आहे, आणि पिल्लू म्हणून विकलेला तो पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. गप्पींबरोबर ठेवतात लोक. म्हणजे गप्पीही जातात आणि तो मासाही वाया जातो.

मामा : आपल्याकडच्यांत खरोखर लहान कोणी नाही का? मिशाळ, पण गरीब?

भाची : आहे की. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हारा, मॉथ कॅटफिश म्हणतात. त्यातली जेरडोनी जात जेमतेम तीन सेंटिमीटर. दिवसभर दगडासारखा पडून. गप्पीची पिल्लं सोडली तर त्याच्यापासून कुणाला भीती नाही. उलट त्यालाच खाणं मिळतंय ना, हे बघावं लागतं.

मामा : तो मला आणून दे एकदा. बरं, या पिक्टसचं काय करायचं ते बोल.

भाची : तुझ्या त्या चार फुटी टाकीत कोण आहे?

मामा : विडो टेट्रा मोठे झालेले, सहा-सात. चार मिस केरळा. दोन रेनबो.

भाची : विडो आणि रेनबो अंगाने उंच. मिस केरळा लांबट आहे, पण पिक्टसच्या तोंडात बसण्याएवढी बारीक नाही आणि चपळ आहे. तिथे चालेल. एकटा नको, आणखी दोन आण, एकटा पिक्टस बावरलेला राहतो. आणि पाण्याला ओढ हवी, फिल्टरचं तोंड मोकळं ठेव. आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत. उघड्या कातडीचा मासा आहे, औषधांना सोसत नाही, काही दिलंस तर मात्रा कमी.

मामा : ते मला सांगू नकोस, मीठ टाकणारी गिऱ्हाइकं मी रोज सुधारतो. आणि दुकानदार दुसराही देत होता. म्हणाला, उलटा पोहणारा आहे, निऑनबरोबर डोळे झाकून सोडा. फोटो काढून आणलाय. हा बघ.

भाची : मोठा कर. पोट दाखव.

मामा : हे पोट.

भाची : पाठीपेक्षा फिकट आहे.

मामा : आणि तोंड?

भाची : तोंड लहान आहे. आज निऑनला काही करणार नाही.

मामा : मग घ्यायचा?

भाची : तीस सेंटिमीटरची जागा आहे का तुझ्याकडे?